उचलणारे हात : चौघा मित्रांकडून शिकण्याचा धडा

शास्त्रवाचन : मार्क २:१-१२, २ शमुवेल ४:४ आणि अध्याय ९, योहान ५:१-९



या अंकातील अभ्यासासाठी एक अगदी घरगुती विषय घेतला आहे. ज्याला स्वतःहून उठता, बसता किंवा कूस बदलता येत नाही अशा माणसाला कसे उचलावे, हा तो विषय. गेल्या काही महिन्यांत दोन-तीन मंडळ्यांनी विचारले, "ताई, आम्हाला रुग्ण उचलण्याचे यंत्र भेट द्यायचे आहे. जुन्नर-आंबेगावच्या वाड्यांत कोणाला द्यावे?" हा प्रश्न प्रेमाचा आहे आणि त्याचे स्वागतच आहे. पण कोणाला द्यावे हे ठरवण्याआधी कसे द्यावे याचा विचार करायला हवा. म्हणून आधी शास्त्र पाहू आणि मग यंत्राकडे वळू.

शास्त्रातील तीन प्रसंग

पहिला प्रसंग कफर्णहूमचा. पक्षाघात झालेल्या एका माणसाला चौघांनी बाजेसह उचलून आणले. दारात गर्दी होती, म्हणून त्यांनी छप्पर उघडून त्याला खाली सोडले. त्या काळी तिकडची घरे सपाट छपराची असत. तुळया, त्यांवर फांद्या आणि वर मातीचा थर. आपण हा भाग वाचताना बरे होण्याच्या चमत्काराकडे पाहतो. एकदा त्या चौघांच्या हातांकडेही पाहा. चार कोपरे चौघांनी धरले असतील तर चौघांनाही सारख्याच गतीने सोडावे लागले असेल. एकाने घाई केली असती तर आजारी माणूस घसरून गर्दीवर पडला असता. येशूने त्या वाहून आणणाऱ्यांचा विश्वास पाहिला, असे मार्क लिहितो. त्यांचे एकही वाक्य शुभवर्तमानात नोंदलेले नाही. त्यांचा विश्वास त्यांच्या कामात दिसला.

दुसरा प्रसंग दुःखाचा आहे आणि त्यावर क्वचितच प्रवचन ऐकायला मिळते. योनाथानाचा मुलगा मफीबोशेथ पाच वर्षांचा होता. शौल आणि योनाथान पडल्याची बातमी आली तेव्हा दाई त्याला उचलून पळाली. घाईत मूल खाली पडले आणि दोन्ही पायांनी जन्माचे अधू झाले. दाईचा हेतू वाईट नव्हता. ती त्याचा जीव वाचवत होती. तरीही उचलण्याच्या घाईने त्या मुलाचे आयुष्य बदलले. पुढे दाविदाने त्याला बोलावून घेतले आणि तो राजपुत्रांप्रमाणे राजाच्या मेजावर जेवू लागला. दाविदाने त्याला घरबसल्या शिधा पाठवला नाही, आपल्या पंक्तीला बसवले.

तिसरा प्रसंग बेथेस्दा तळ्याजवळचा. अडतीस वर्षे आजारी असलेल्या माणसाची तक्रार एवढीच होती की त्याला पाण्यात सोडायला कोणी नाही. येशूने मात्र काही करण्याआधी त्यालाच विचारले की तुझी बरे होण्याची इच्छा आहे काय. ज्याला उचलायचे आहे त्याला आधी विचारणे, हे इथून शिकावे.

तीन प्रसंग, तीन धडे : उचलणारे हात जुळलेले असावेत, घाई नसावी, आणि ज्याचे शरीर आहे त्याची परवानगी घ्यावी. पुढचे सगळे व्यावहारिक बोलणे या तीन धड्यांवरच उभे आहे.

आपल्या भागातील घरे आणि माणसे

डिंभे धरणाच्या पाण्यामागची गावे, भीमाशंकरच्या अंगाचा डोंगर, आणि जुन्नरच्या बाजूला नाणेघाटाकडचा पट्टा, या सगळ्या भागांत महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी समाजाची वस्ती आहे. पावसाळ्यात भात आणि उन्हाळ्यात हिरडा, यांवर अनेक घरांचे वर्ष चालते. बाळहिरडा गोळा करायला झाडावर चढावे लागते. झाडावरून पडून पाठीचा कणा दुखावलेली माणसे मला या वाड्यांत भेटली आहेत. त्यांच्याबरोबर अर्धांगवायू झालेले वडीलधारे असतात, जन्मापासून मेंदूचा पक्षाघात असलेली मुले असतात आणि खुब्याचे हाड मोडून अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या असतात.

आंबेगावच्या पश्चिमेकडील एका वाडीत एक वहिनी आपल्या नवऱ्याला रोज एकट्या उचलतात. हिरड्याच्या झाडावरून पडल्यापासून त्याच्या कमरेखाली संवेदना नाही. सकाळी अंथरुणावरून ओट्यावर, दुपारी आत, संध्याकाळी पुन्हा. मध्ये अंग पुसणे आणि कपडे बदलणे. त्या मला म्हणाल्या, "ताई, हे पडले तवापासून माझी पाठ सरळ झाली न्हाई. आवणीला वाकले की उठता येत न्हाई." नवऱ्याला वाईट वाटते म्हणून त्या हे त्याच्यासमोर बोलत नाहीत. आणि तिला त्रास होतो म्हणून तो बाहेर बसायचे आहे असे सांगत नाही. दोघांच्या या मुकेपणामुळे तो माणूस आठवडाआठवडा उन्हाचे तोंड पाहत नाही.

हे ओझे किती असते? अमेरिकेच्या कामगार-आरोग्य संशोधन संस्थेतील थॉमस वॉटर्स यांनी २००७ साली रुग्ण हाताळण्यासाठी एक मर्यादा सुचवली : अनुकूल परिस्थितीतही एका माणसाने ३५ पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे १६ किलोपेक्षा जास्त भार हाताने उचलू नये. पोते अंगाशी घट्ट धरता येते. माणूस मध्येच हलतो, घाबरतो, त्याचा पाय आखडतो. आपल्या वहिनींच्या वाट्याला दिवसातून कितीतरी वेळा याच्या तिपटीहून अधिक वजन येते. म्हणून उचलण्याचे यंत्र आजाऱ्याइतकेच सांभाळणाऱ्यासाठीही असते, हे आधी लक्षात घ्यावे.

दुसरे, माणसाला चादरीवरून ओढत नेले की कातडी खाली राहते आणि हाड पुढे सरकते. संवेदना नसलेल्या अंगावर अशा घासण्याने जखम होते आणि ती कळत नाही. माकडहाडावरच्या अशा जखमेत पू होऊन माणसे दगावतात. नीट उचलणे हा या जखमा टाळण्याचा एक मोठा उपाय आहे.

यंत्र कसे असते

घरात वापरायच्या फिरत्या लिफ्टचा शोध चैनीतून लागलेला नाही. अमेरिकेतील टेड हॉयर हे तरुणपणी मोटार अपघातात अपंग झाले होते. त्यांनी गेल्या शतकाच्या मध्यात आपल्यासारख्यांसाठी असे यंत्र तयार केले. आजही अनेक ठिकाणी या यंत्राला त्यांच्याच नावाने ओळखतात. ज्याला उचलून घ्यावे लागत होते, त्यानेच उचलण्याची रीत शोधली.

यंत्राचे भाग साधे आहेत. खाली चाके असलेले दोन लांब पाय, जे गरजेप्रमाणे फाकवता येतात. त्यांवर उभा खांब. खांबाला वर-खाली होणारा आडवा दांडा. दांड्याच्या टोकाला आकडे असलेली पट्टी आणि त्या आकड्यांना अडकवायची कापडी झोळी. गाडीखाली लावतात तसा तेलाचा जॅक दांड्याला जोडलेला असतो. हाताने पंप मारला की दांडा वर जातो आणि व्हॉल्व्ह हळूच सैल केला की खाली येतो. काही यंत्रे बॅटरीवर चालतात. पण पावसाळ्यात वाड्यांवर दिवसदिवस वीज नसते, म्हणून आपल्याकडे हातपंपाचे यंत्र बरे. घडी घालता येणारे यंत्र जीपमधून नेता येते. तरी त्याचे वजन तीस-चाळीस किलो असू शकते, हे डोंगरवाटेच्या वाडीसाठी लक्षात ठेवावे.

झोळी हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. ज्याची मान सावरते त्याला पाठ आणि मांड्या धरणारी झोळी चालते. ज्याची मान पडते त्याला डोक्यापर्यंत येणारी लागते. झोळी मोठी झाली तर माणूस त्यातून घसरतो, लहान झाली तर मांड्यांत रुतते. यंत्र दोन माणसांत वापरता येईल, पण झोळी ज्याची त्याचीच असावी.

उचलण्याची रीत

लेण्याद्रीच्या पायऱ्यांवर डोलीवाले वृद्धांना कसे नेतात ते अनेकांनी पाहिले असेल. खांदे सारखे, पावले सारखी आणि बोलणे एकमेकांना कळेल असे. इथेही तेच. सुरुवातीला दोन माणसे असावीत आणि ही रीत कोणा फिजिओथेरपिस्टकडून किंवा प्रशिक्षित परिचारिकेकडून प्रत्यक्ष शिकून घ्यावी. वाचून फक्त ओळख होते.

१. आधी त्या व्यक्तीला सांगा आणि विचारा : "दादा, आता खुर्चीवर बसवायचे का?" अंग झाकलेले असू द्या. बघ्यांना बाहेर पाठवा.

२. झोळीची शिवण, पट्टे आणि फासे रोज पाहा. धागा सुटला असेल तर त्या दिवशी यंत्र वापरू नका. यंत्रावर लिहिलेली वजनाची मर्यादा पाहा.

३. लघवीची नळी असेल तर पिशवी खाटेवरून सोडवून घ्या. ती मूत्राशयाच्या खालच्या पातळीवर राहील आणि नळी कुठे ताणली जाणार नाही असे पाहा.

४. व्यक्तीला एका कुशीवर वळवून झोळी पाठीमागे पसरा, मग दुसऱ्या कुशीवर वळवून ओढून घ्या. खालची कडा माकडहाडापर्यंत यावी. मांड्यांखालचे पट्टे सुरकुती न राहता सरळ करा.

५. यंत्राचे पाय खाटेखाली सरकवा आणि फाकवा. चारही फासे आकड्यांत अडकवा. दोन्ही बाजूंना सारख्याच लांबीचे फासे घ्या; बहुतेक झोळ्यांत त्यांचे रंग वेगवेगळे असतात, त्यामुळे चूक पटकन दिसते.

६. खुर्चीचे ब्रेक लावा. यंत्राचे ब्रेक उचलताना साधारणपणे मोकळे ठेवतात, म्हणजे वजन पडताच यंत्र आपोआप मध्यावर येते. तरी त्या यंत्राच्या पुस्तिकेत सांगितले असेल तेच करा.

७. वजन झोळीत येईपर्यंतच पंप मारा आणि थांबा. चारही फासे पुन्हा हाताने चाचपा. मगच अंथरुणापासून अंग सुटेल इतकेच वर घ्या. जास्त उंच नेऊ नका.

८. हळू ढकला. एकाने यंत्र धरावे, दुसऱ्याने व्यक्तीच्या तोंडाकडे पाहत पाय सांभाळावेत. झोळीत लटकलेल्या माणसाला एकटे सोडून क्षणभरही जाऊ नये.

९. खुर्चीवर उतरवताना गुडघ्यांना हलका दाब द्या, म्हणजे कंबर मागे टेकते. दांडा डोक्याला लागत नाही ना, ते पाहा.

बसवल्यावर काम संपत नाही. संवेदना नसलेल्या व्यक्तीने खुर्चीत पंधरा-वीस मिनिटांनी अंग थोडे उचलावे किंवा कोणी तरी कलते करावे. अंथरुणावर साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी.

देण्याआधी मोजा

जुन्नरकडच्या एका घरी पडवीत असे यंत्र उभे होते. कोणा हितचिंतकांनी दिलेले, उत्तम अवस्थेतले. त्यावर गोधड्या वाळत होत्या. सुनेने सांगितले, "ताई, याची चाकं बाजंखाली जातच न्हाईत." खरेच, बाज जमिनीपासून वीतभरही उंच नव्हती. देणाऱ्यांचे प्रेम खरे होते, पण घराचे माप कोणी घेतले नव्हते.

आपली घरे रुग्णालयासारखी नसतात. जमीन सारवलेली असते, तिच्यात चाके रुततात. उंबरा उंच असतो. जुन्या दारातून यंत्र आडवे जात नाही. अनेक जण बाजेवर नव्हे तर जमिनीवरच झोपतात, आणि प्रत्येक यंत्राची झोळी जमिनीपर्यंत पोहोचत नाही. म्हणून देणगी देण्याआधी मोजपट्टी घेऊन जावे आणि या गोष्टी लिहून आणाव्यात : दाराची रुंदी, उंबऱ्याची उंची, खाटेखालची मोकळी जागा, खाट आणि भिंतीमधले अंतर, जमीन कशी आहे, आणि दिवसभर घरी कोण असते.

बहुतेक अडचणींवर स्वस्त उपाय असतात. त्या घरी गावच्या सुताराने खाटेच्या पायांना खोबण असलेले लाकडी ठोकळे बसवून दिले. खाटेपासून दारापर्यंत जाड प्लायवूडचे तुकडे सारख्या पातळीत टाकले. उंबऱ्याला दोन्हीकडून उतार केला. फिजिओथेरपिस्ट दोनदा येऊन सासू, सून आणि थोरल्या नातवाला शिकवून गेले. या सगळ्याला यंत्राच्या किमतीच्या मानाने फारच थोडा खर्च आला. आजोबा आता सकाळी अंगणात बसतात.

छपराच्या आढ्याला चेनकप्पी बांधून माणूस उचलण्याची कल्पना कधी कधी कोणी सुचवते. तसे करू नये. जुन्या घराचे वासे असा भार घेण्यासाठी घातलेले नसतात आणि मालाची कप्पी माणसासाठी नसते.

यंत्र नसेल तेव्हा

प्रत्येक घरी यंत्र पोहोचणार नाही आणि प्रत्येकाला ते लागतही नाही. ज्याच्या हातांत बळ आहे त्याला खाटेवरून खुर्चीवर सरकण्यासाठी गुळगुळीत फळी पुरते. कूस बदलायला अंगाखाली घसरणाऱ्या कापडाची दुहेरी चादर वापरता येते. दोघांनी दोन बाजूंनी धरून, गुडघ्यात वाकून, भार अंगाशी ठेवून सरकवावे. खाट आणि खुर्ची एकाच उंचीची असली तर उचलण्याचे निम्मे काम आपोआप कमी होते.

एक इशारा मात्र प्रत्येक वाडीत पोहोचायला हवा. झाडावरून किंवा कड्यावरून नुकताच पडलेला माणूस घोंगडीच्या झोळीत घालून बांबूवरून आणू नये. झोळीत पाठ वाकते, आणि दुखावलेला मणका वाकला तर उरलेली शक्तीही जाऊ शकते. शक्यतो त्याला हलवू नये, १०८ ला फोन करावा. आणावेच लागले तर दाराची फळी किंवा रुंद पाट घ्यावा, डोक्याच्या दोन्ही बाजूंना कापडाच्या गुंडाळ्या लावाव्यात, मान न वळवता तीन-चार जणांनी एकाच हाकेवर ओंडक्यासारखे सरळ फळीवर घ्यावे आणि पट्ट्यांनी बांधावे. मफीबोशेथाच्या दाईची घाई आठवावी. हिरड्याच्या हंगामाआधी तरुण संघांनी वाड्यांवर जाऊन हे करून दाखवले, तर त्याचे मोल एखाद्या यंत्राहून कमी नाही.

हक्काची मदत

२०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वे मान्य केली आहेत. शासकीय मदतीसाठी दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड लागते. केंद्राच्या एडिप योजनेतून व्हीलचेअरसारखी साधने मिळू शकतात. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. आणि पात्र कुटुंबांना संजय गांधी निराधार योजनेचा आधार आहे. आदिवासी कुटुंबांनी घोडेगावच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयातही चौकशी करावी. कागदपत्रे जमवून देणे आणि तालुक्याच्या गावापर्यंत सोबत जाणे, हीसुद्धा कोणाला तरी उचलण्याचीच सेवा आहे.

ही सेवा करताना आपण कोणाचा धर्म विचारत नाही. कफर्णहूमच्या त्या माणसाला दारात कोणी अट घातली नव्हती. आपणही घालू नये.

गटात चर्चा करण्यासाठी

१. चौघांपैकी एखादा म्हणाला असता, "गर्दी आहे, उद्या येऊ," तर? आपल्या मंडळीत कोणत्या कारणांनी आपण छपरापर्यंत जात नाही?

२. आपल्या उपासनामंदिरात खुर्चीवरची व्यक्ती पायरी न चढता येऊ शकते का? आत आल्यावर तिला पंक्तीत जागा असते, की दाराजवळ?

३. आपल्या ओळखीत एकटीने सांभाळ करणारी एखादी बहीण आहे का? आठवड्यातून दोन तास तिच्या जागी कोण बसेल?

४. आपण दिलेल्या एखाद्या वस्तूचा पुढे उपयोग झाला का, हे आपण कधी जाऊन पाहिले आहे का?

प्रार्थनेसाठी विषय

अंथरुणाला खिळलेल्या बंधुभगिनींसाठी आणि त्यांना सांभाळता सांभाळता स्वतः वाकलेल्या पाठींसाठी प्रार्थना करा. हिरड्याच्या हंगामात झाडावर चढणाऱ्यांच्या रक्षणासाठी प्रार्थना करा. ज्या मंडळ्या यंत्र देऊ इच्छितात त्यांना आमची विनंती आहे की पहिली देणगी म्हणून दोन माणसे आणि एक मोजपट्टी आमच्याबरोबर पाठवा. घर पाहू, त्या माणसाला विचारू, माप घेऊ. यंत्राचे त्यानंतर ठरवू.